धुराची चव

आधी कबुली. बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा मी मोडली. एका घोटापुरती. सूतगिरणीत पाळी नसली की मी पार्ट्यांत ग्लास उचलतो. परवा एका ग्लासात तळाला उरलेली ब्रोरा चाखली. स्कॉटलंडची सिंगल माल्ट, मोजक्या बाटल्यांची. आधी मेणासारखी, मग मधाळ, मग घशात धूर. चांगली लागली. खोटं कशाला बोलू?

साहेबलोक म्हणाले, धूर पीटचा, दलदलीतल्या जळाऊ मातीचा. बरोबर हाय. पण त्या मुलखात दुसराही धूर झाला, तो कुणी सांगंना. सदरलंडच्या जमीनदारांनी 1814 आणि 1819 ला स्ट्रॅथनेव्हरची खेडी उठवली. छपरं पेटवली. माणसं समुद्राकडं हाकलली, रानात मेंढ्या सोडल्या. लोकर इंग्लंडच्या गिरण्यांना. कारभारी पॅट्रिक सेलरवर 1816 ला खटला झाला, निर्दोष सुटला. (असले निकाल आपल्याला नवे नाहीत.) आणि त्याच 1819 ला, त्याच जमीनदारानं ब्रोराला ही भट्टी घातली. किनाऱ्यावरच्या कुळांचं जव तिथं जायचं.

1983 ला ती बंद पडली, 2021 ला पुन्हा पेटली. तेव्हा तीन-तीन बाटल्यांचे 300 संच काढले, एकेक 30,000 पौंडांना!

काय तयार जीभ यांची! मध सापडतो, मेण सापडतं. जळकं छप्पर तेवढं लागत नाही.

मला जाब विचारायचाय त्यानं रविवारच्या बैठकीत विचारावा. मी येतोय.