वर्ष आधीं, दिवस शेवटीं

येथील सात रस्ता चौकांत कोणी आधीं जावें याचा क्रम सुटला, कीं सातही वाटा तुंबून बसतात. संगणकांतील फाइलींचेंही तसेंच आहे. क्रम चुकला तर केवढा प्रसंग ओढवतो, हें २०२४ सालीं आम्हांस घरच्याच प्रकरणांत कळून आलें.

आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे. रोज सकाळीं अनशेपोटीं साखर मोजून आंकडा टिपावा, असा परिपाठ. वहीऐवजीं आम्ही संगणकावर दर दिवसाची एक लहान फाईल करीत असूं. वर तारीख, खालीं आंकडा. फाइलीचें नांव आपल्या नेहमींच्या वळणाचें : आधीं दिवस, मग महिना, मग वर्ष. जानेवारी ते मार्च अशा ९१ फाइली जमल्या. त्या एकत्र जोडण्यासाठीं आमच्या नातवानें एक बॅच फाईल करून दिली. बॅच फाईल म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञा ओळीनें लिहिलेला कागद. तो उघडला कीं यंत्र त्या एकामागून एक पाळतें.

छापलेला ताव डॉक्टरांपुढें ठेवला. त्यांनीं आंकड्यांवरून नजर फिरविली : १४२, ११०, ७४, पुन्हां १३९, ११२, ७६. "साखर फार वरखालीं होते, गोळी वाढवूं," असें म्हणून त्यांनीं लेखणी उचलली. इतक्यांत सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, "अहो, यांत एक तारीख तीनदां कशी आली?"

पाहतों तों १ जानेवारी, १ फेब्रुवारी व १ मार्च एकाखालीं एक. त्यांच्याखालीं तिन्ही महिन्यांच्या दोन तारखा! यंत्र तारीख जाणत नाहीं, नांवांतील अक्षरें डावीकडून लावीत जातें. आम्हीं दिवस आधीं लिहिला, त्यानें दिवसच आधीं लावला. वस्तुतः साखर वरखालीं होत नव्हती; महिन्यामागून महिना ती उतरत होती. डॉक्टरांनीं गोळी निम्मी केली. ती वाढली असती, तर साखर आणखी उतरून मूर्च्छा येण्याचा संभव होता.

घरीं आल्यावर आम्हांस लाज वाटली ती यासाठीं कीं, हा धडा आमच्या देवघरांतच होता. पूजेच्या संकल्पांत आपण काल कसा सांगतों? आधीं परार्ध, कल्प, मन्वंतर, युग. मग शक व संवत्सर. मग अयन, ऋतु, मास, पक्ष. शेवटीं तिथि व वार. थोराकडून लहानाकडे! आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९८८ सालीं ८६०१ क्रमांकाच्या मानकांत हाच क्रम घेतला : वर्ष, महिना, दिवस, पैकीं महिना व दिवस दोन अंकी. अशा नांवांचा अक्षरक्रम तोच कालक्रम होतो.

आतां आमच्या फाइलीचें नांव '२०२४-०२-०५' असें असतें. '२०२४-०२-' नें आरंभ होणाऱ्या फाइली नांवांच्या क्रमानें घेऊन जोडाव्या, एवढीच आज्ञा. मात्र कांहीं पथ्यें आहेत. जोडलेली फाईल निराळ्या फोल्डरांत ठेवावी. नाहींतर पुढच्या खेपेस यंत्र तिलाही जोडूं पाहतें. यंत्रास आजची तारीख विचारतांना सावध असावें. तिचें रूप त्या त्या संगणकाच्या मांडणीप्रमाणें बदलतें, आणि एका घरीं चालणारी आज्ञा दुसऱ्या घरीं चुकते. मूळ फाइली कदापि पुसूं नयेत.

चौथें पथ्य आमच्या सोलापुरांतून निघणाऱ्या दाते पंचांगावरून सुचलें. एखादी तिथि कोणत्याच सूर्योदयास न सांपडली तर तिचा क्षय, दोन सूर्योदयांस सांपडली तर वृद्धि. पंचांगकर्ता ही गोष्ट लपवीत नाहीं, स्पष्ट छापतो. यंत्र मात्र राहून गेलेला दिवस मुकाट्यानें ओलांडतें. म्हणून जोडण्यापूर्वीं फाइली मोजाव्या. फेब्रुवारी २०२४ च्या २९ हव्यात. २८ भरल्या, तर राहिलेल्या दिवसापुढें 'मोजली नाहीं' असें प्रामाणिकपणें लिहावें.

एवढें करूनही छापलेला ताव प्रथम सौभाग्यवतींच्या हातीं जातो. त्या तारखा वाचतात, आम्ही आंकडे ताडून पाहतों. त्यांना संगणक चालवितां येत नाहीं. परंतु त्यांनीं तारखा तपासल्यावांचून तो ताव आतां डॉक्टरांकडे जात नाहीं.