सत्काराच्या यादीबाहेरची मुले



दरवर्षीप्रमाणे यंदाही मंडळाने दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार केला. ८० टक्क्यांवरच्या मुलांना श्रीफळ आणि पुस्तके मिळाली. ही यादी काही वर्षे मीच करतो. यंदा माझा मुलगा तिच्यात नव्हता. त्याला ६४ टक्के मिळाले. 'पोट दुखतंय' म्हणून तो घरीच राहिला. मी परतल्यावर त्याने विचारले, "बाबा, माझ्याबद्दल कुणी विचारलं का?" विचारले होते, तिघा-चौघांनी. "बरं नाही त्याला" असे सांगून मी विषय टाळला होता. मला त्याची लाज वाटली, हे त्याला न सांगताच कळले. म्हणून आज हा विषय.

मी बँकेत काउंटरवर बसतो. उन्हाळ्यात मुदत ठेवी मोडून कोचिंगची फी भरणारे पालक रोज येतात. कुणाचे मूल इथेच भंवरकुआँला जाते, कुणाचे कोट्याला. त्यांत आपली माणसेही पुष्कळ. पूर्वज होळकरशाहीत इंदूरला आले, शिकले, नोकरीस लागले. 'शिक्षण हीच आपली इस्टेट' हा संस्कार चुकीचा नाही. पण फॉर्मवर सही होताना शेजारी उभ्या मुलाला 'तुला हे हवे आहे का?' असे विचारणारा पालक क्वचितच दिसतो. कर्जाचा हप्ता थकला तरी खाते बुडीत धरण्याआधी बँक ९० दिवस थांबते. आपण मात्र एका निकालावर मुलाला बुडीत खात्यात टाकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी याच आकड्यांची दखल घेऊन शाळा, कॉलेजे, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक आहे.

आपल्यापैकी कित्येकजण शाळांच्या कार्यकारिणीवर आहेत. आपल्या शाळेत समुपदेशक नेमला का, हे त्यांनी पुढच्या बैठकीत विचारावे. पी.टी.च्या सरांच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहून भागणार नाही. गणेशोत्सवात आरतीला येणाऱ्या नगरसेवकांना आणि आमदारांना आपण रस्ता-नळाचे विचारतो. वॉर्डातल्या सरकारी शाळेत समुपदेशक आहे का, हेही विचारू. मते मागायला येतील तेव्हा पुन्हा विचारू.

घरातले काम मात्र आपलेच. मूल जेवायला टाळू लागले, झोप उडाली, मित्र तुटले, तर त्याला 'नाटकं' म्हणू नये. 'मी नसतो तर बरं' असे ते बोलले, तर तिथेच थांबून सरळ विचारावे. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. हिंदी-मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. मधुमेहासाठी जातोच ना? आजी-आजोबांनी पाहुण्यांसमोर टक्के विचारणे तेवढे सोडावे; नातवंडांजवळ बसायला त्यांच्याइतका वेळ घरात दुसऱ्या कुणाकडे आहे?

आणि मंडळानेही आपल्या अंगणात झाडू मारावा. पुढील वर्षापासून दहावी-बारावीला बसलेल्या प्रत्येक मुलाला, नापास झालेल्यालासुद्धा, नावाने बोलवावे आणि टक्केवारी वाचू नये, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. काहींना तो रुचणार नाही. त्यांनी सभेत येऊन विरोध जरूर करावा. पण येण्याआधी आपल्या घरातल्या मुलाला एकदा त्याचे मत विचारून यावे, ही विनंती.