मागची खिडकी आणि पुढचे दार

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' हा रहस्यपट १९५४ साली प्रदर्शित झाला. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याची पकड सैल झालेली नाही, याचा प्रत्यय अलीकडेच यवतमाळात आला. एका सुट्टीच्या दिवशी प्रस्तुत लेखकाने आपल्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना तो दाखविला आणि चित्रपट संपल्यावर त्यांची मते विचारली. बहुतेकांना तो आवडला. नायकाने शेजाऱ्यांवर नजर ठेवली ते योग्यच केले, अन्यथा खून पचला असता, असे बहुमत पडले. दोघीतिघींना मात्र ते डोकावणे खटकले होते. या साऱ्यांत एका विद्यार्थ्याचे प्रांजळ उद्गार मनात घर करून राहिले. तो म्हणाला, "सर, मध्यंतरी तो माणूस निर्दोष निघतो की काय, अशी भीती वाटत होती."

एखादा मनुष्य निर्दोष ठरेल, याची भीती! या एका वाक्याचा विचार करावा तेवढा थोडा आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : पाय मोडल्यामुळे चाकांच्या खुर्चीला जखडलेला एक वृत्तछायाचित्रकार न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या मागच्या खिडकीत बसून आहे. समोर सामाईक अंगण आणि त्याभोवती शेजाऱ्यांच्या खिडक्या. उन्हाळा कडक असल्याने त्या सताड उघड्या. नवविवाहित जोडपे, नर्तिका, संगीतकार, एकाकी स्त्री, यांच्याबरोबर त्याला एक विक्रेता व त्याची अंथरुणाला खिळलेली पत्नी दिसते. एके दिवशी ती पत्नी दिसेनाशी होते आणि नायकाच्या मनात संशय मूळ धरतो. साधी नजर पुरेना म्हणून दुर्बीण येते, दुर्बीण पुरेना म्हणून कॅमेऱ्याचे लांब भिंग येते. पोलीस खात्यातील मित्र तर्कशुद्ध शंका काढून त्याला गप्प करतो, तेव्हा नायक व त्याची प्रेयसी यांचे चेहरे उतरतात. एका नवऱ्याने आपल्या बायकोचा खून केलेला नाही, हे ऐकून आपण निराश झालो आहोत, ही जाणीव त्या प्रेयसीलाच प्रथम होते. आमच्या विद्यार्थ्याला नेमके हेच जाणवले होते. शेवटी संशय खरा ठरतो आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो.

या चित्रपटाविषयीचा वाद त्याच्याइतकाच जुना आहे. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मधील समीक्षक लेज्यून यांना तो भयंकर वाटला, कारण त्याचा नायक सारा वेळ खिडकीतून दुसऱ्यांच्या घरात डोकावत असतो. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉक यांनी या आक्षेपाला बेधडक उत्तर दिले. नायक डोकावणारा आहे हे खरे, परंतु आपण सारे तसेच नाही काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तथापि, पाहावे की पाहू नये एवढ्यावरच हा वाद थांबतो, ही त्याची मर्यादा होय. चित्रपटाने नायकाची निर्दोष मुक्तता कशाच्या बळावर केली, हा खरा प्रश्न आहे. त्याचा संशय खरा निघाला, या एकाच गोष्टीच्या बळावर! २००७ साली याच धर्तीवर आलेल्या 'डिस्टर्बिया'तही शेजारी अखेर खुनीच निघतो. रहस्यपटाला दुसरा मार्ग नसतो. संशय खोटा ठरला तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे प्रेक्षकाला वाटेल.

व्यवहारात हिशेब उलटा असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो सहज मांडता येईल. समजा, एखाद्या वस्तीत एक हजार घरे आहेत आणि त्यांपैकी एका घरात खरोखरच गंभीर गुन्हा घडला आहे. पाहणारा मनुष्य इतका चाणाक्ष आहे की त्याचा अंदाज शंभरातील पंचाण्णव वेळा बरोबर येतो. तरीही ९९९ निर्दोष घरांपैकी सुमारे ५० घरांवर त्याचा संशय जाईल. म्हणजे ५१ संशयितांपैकी दोषी फार तर एक. पाहणाऱ्याची नजर मंद आहे म्हणून असे होत नाही. गुन्हा विरळा आणि साधी माणसे पुष्कळ, म्हणून असे होते. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' या आपल्या म्हणीत हेच गणित सामावलेले आहे. पडद्यावर त्या एकाची कथा सांगितली जाते. उरलेल्या पन्नासांची कथा कोण सांगणार?

ती सांगण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतील माणसांना जन्मतःच संशयित ठरविले. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडताना परवानगी, असा तो पहारा होता. सोलापूरच्या सेटलमेंटला तर तारेचे कुंपण होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु कायद्याची तार तुटली तरी नजरेची तार तुटली काय? आपल्या जिल्ह्यातील एखाद्या पारधी बेड्यावर जाऊन हा प्रश्न विचारावा. गावात चोरी झाली की पहिली नजर कोठे वळते, हे तेथील शाळकरी पोरही सांगेल.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले, ते या नजरेचे टोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून पसरल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या नजरेस पडले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मरेपर्यंत मारण्यात आले. त्या जमावातील प्रत्येकजण, आपण गावच्या लेकरांचे रक्षण करीत आहोत, अशाच समजुतीत असणार. चित्रपटातील नायकाजवळ निदान शंका काढणारा एक मित्र होता. येथे तोही नव्हता.

मग खिडक्या लावून घ्याव्यात आणि शेजारी काय चालले आहे याकडे पाहूच नये, असा निष्कर्ष काढावयाचा काय? मुळीच नाही. याच चित्रपटातील दोन प्रसंग, जे प्रेक्षकांच्या चर्चेत सहसा येत नाहीत, वेगळेच काही सांगतात. एका दांपत्याचा लाडका कुत्रा कोणीतरी मारून टाकतो. त्याची मालकीण रात्री साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात टाहो फोडते. शेजारी म्हणजे एकमेकांची आस्था बाळगणारी माणसे, तुमच्यापैकी कोणालाच ती नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. सारे शेजारी खिडकीशी येतात, क्षणभर पाहतात आणि परत फिरतात. नायकाला मात्र त्या आक्रोशातून एक पुरावा मिळतो : संशयित विक्रेता तेवढा खिडकीत आलेला नाही! तिचे दुःख ऐकण्यास कोणी उरत नाही.

दुसरा प्रसंग तळमजल्यावरील एकाकी स्त्रीचा. ती जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात आहे, हे नायक व त्याची परिचारिका यांच्या फार उशिरा ध्यानी येते. वास्तविक तिचे एकटेपण ते कित्येक दिवस पाहत होते आणि त्यांनी तिला एक गमतीचे नावही ठेवले होते. तिच्यासाठी उचललेला दूरध्वनीही अखेर दुसऱ्याच कामी येतो. तिचा हात थांबतो तो शेजारच्या घरातून आलेल्या संगीताच्या सुरांनी. दुर्बिणीने खुनी सापडला, परंतु डोळ्यांसमोर खचत चाललेले माणूस दुर्बिणीला दिसले नाही. नजर आणि लक्ष यांतील अंतर ते हेच.

यवतमाळकरांना हे अंतर अधिक बोचावयास हवे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवनयात्रा संपविली. तो कोणी अनोळखी नव्हता, गावाचा सरपंच राहिलेला होता. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आज अनेकजण दरवर्षी अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या दशकांत या जिल्ह्याचे नाव देशभर कोणत्या कारणासाठी घेतले गेले, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. कापसाचा भाव, कोरडवाहू शेती, कर्जाचा फास यांची उत्तरे धोरणांतच शोधली पाहिजेत. शेजाऱ्याच्या आस्थेने कर्ज फिटत नाही आणि शेजाऱ्याला दोष देऊन शासनाची सुटका होत नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. तरीही २०१५ साली राज्य शासनाने यवतमाळ व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान हाती घेतले, तेव्हा अडचणीतील कुटुंबे गावातल्याच समित्यांनी ओळखावीत, अशी कल्पना त्यात होती. ज्या गावात कोणाकडे कोण पाहुणा आला हे तासाभरात सर्वांना कळते, तेथे कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही हे कळण्यास समिती लागावी, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही.

जुन्या वाड्यांत किंवा चाळींत सारे आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. तेथील नजरेने विधवांचे, परित्यक्तांचे व एकट्या स्त्रियांचे जिणे नकोसे केले होते. त्या नजरेपासून व्यक्तीला आडोसा हवा, हे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवून मान्य केले. परंतु हा आडोसा छळाला संरक्षण देण्यासाठी नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशा छळाची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो आणि ती सद्भावनेने दिली असल्यास त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून 'त्यांच्या घरचा मामला' म्हणणाऱ्या सुशिक्षित शेजाऱ्याजवळ आता ही सबब उरलेली नाही.

मग डोकावणे कोठे संपते आणि शेजारधर्म कोठे सुरू होतो? एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. आपण जे पाहिले, ते ज्याच्याविषयी चिंता वाटते त्याच्या दाराशी जाऊन त्याला सांगता येईल काय? "दोन दिवस दिसला नाहीत, बरे आहे ना?" असे विचारता येत असेल, तर ते पाहणे आस्थेचे. जे त्याच्यावाचून इतर सर्वांना सांगावेसे वाटते, ते कुतूहल. जेथे कोणाच्या जिवाला धोका दिसतो, तेथे धोक्यातील माणसाला वा अधिकृत यंत्रणेला कळवावे, जमावाला नव्हे. स्त्रियांसाठी १८१ आणि मनाने खचलेल्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक शिक्षकांच्या खोलीत व कचेरीतील सूचनाफलकावर सहज लावता येतील.

आज वसाहतीच्या फाटकावर कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात हिचकॉकच्या नायकापाशी होते त्याहून प्रभावी भिंग आहे. पाहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. दार ठोठावण्याचा खर्च मात्र पूर्वीइतकाच आहे : थोडा वेळ, थोडा संकोच आणि प्रसंगी थोडा अपमान. जे स्वस्त ते अधिक वापरले जाते, हा बाजाराचा नियम. शेजारधर्म त्या नियमाने चालत नाही. आमच्या विद्यार्थ्याला वाटलेली भीती प्रामाणिक होती आणि ती बोलून दाखविण्याचे धैर्य त्याने दाखविले. चित्रपटगृहात अशी भीती वाटण्यास हरकत नाही. आपल्या गल्लीत मात्र शेजारी निर्दोष निघाला की आनंद वाटावा, एवढे शिक्षण आमच्या महाविद्यालयांनी दिले तरी पुष्कळ झाले.