मुक्या जनावरांची चिकित्सा

आदिलाबादच्या काळ्या मातीत कपाशी पिकविणाऱ्या कुटुंबाचे अर्धे बळ गोठ्यात उभे असते. म्हणून बैल आजारी पडताच जो हाताशी सापडेल त्यास आपण बोलावितो. परंतु ज्याच्या हाती अवजार, त्याच्या ठायी विद्याही असतेच असे नव्हे.

गोऱ्हा खच्ची करण्याचा चिमटा पाहा. त्याने कातडी न फाटता आतील नाळ चिरडली जाते. दोन्ही नाळी निरनिराळ्या दाबावयाच्या असतात. एकाच दाबात सारे आवळल्यास रक्तप्रवाह खुंटून अंडकोश सडतो. पोटफुगीत डाव्या कुशीत खुपसावयाच्या नळीचेही तसेच. जागा चुकली वा नळी अस्वच्छ असली, तर जनावर दगावते.

भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० ने पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यांकडे सोपविली आहे. लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारखी प्राथमिक कामे राज्य शासनाच्या परवानगीने प्रमाणपत्रधारक सहायक करू शकतात. तेही पशुवैद्यांच्या देखरेखीखाली. हा मधला मार्ग शहाणपणाचा होय; कारण नुसत्या बंदीने दूरच्या गुड्यावर डॉक्टर पोहोचत नाही. निर्बंध घालणाऱ्या शासनाने फिरता दवाखानाही वेळेवर धाडावयास हवा.

आपणही एवढे करावे: १९६२ हा पशुसेवेचा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा, आणि अवजार घेऊन आलेल्या मनुष्यास त्याचे प्रमाणपत्र कोठले व तो कोणत्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो, हे दावे सोडण्यापूर्वीच नम्रपणे विचारावे.