लास्ट पोस्टचा मूड कोणता?

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज वनला, वर्कशॉपांच्या शेजारी आता जिम निघाल्या आहेत. सध्या पोस्टिंग चंदीमंदिरला असल्याने अधूनमधून तिथल्या एका जिममध्ये जातो. तिथला तरुण ट्रेनर प्रत्येकाला हेच सांगतो, "सरजी, आप बस मूड चुनिए, गाना ॲप चुन लेगा." माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी ॲप काय करतं ते पाहू. मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजतं. आवाजाच्या जोरावरून गाण्याची 'ऊर्जा' ठरवतं. मग गाणं किती आनंदी किंवा उदास, याला शून्य ते एक यांच्यामधला आकडा देतं. त्याला 'व्हॅलन्स' म्हणतात. असं गणित बसवणारी एको नेस्ट ही अमेरिकन कंपनी स्पॉटिफायने २०१४ मध्ये विकत घेतली.

ठोक्यांबद्दल तक्रार नाही. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावलं, दौडीला १८०. खडकवासल्याला ड्रिल उस्तादांनी हे आमच्या टाचांत भरलं आहे. एकट्या पळणाऱ्याला ॲपने ताल जरूर द्यावा.

आक्षेप मूडच्या आकड्याला आहे. लास्ट पोस्ट घ्या. बिगुलावरचे मोजके सूर. पूर्वी ब्रिटिश छावणीत त्यांचा अर्थ साधा होता: रात्रीच्या पहाऱ्यांची पाहणी झाली, दिवस संपला. पुढे तेच सूर शहिदांच्या मानवंदनेला आले. सूर बदलले नाहीत. अर्थ समोर उभ्या असलेल्या माणसांनी दिला. सॉफ्टवेअर त्यांना फार तर 'शांत' म्हणेल आणि झोपेच्या यादीत टाकेल.

किंवा 'ऐ मेरे वतन के लोगों' घ्या. संगीत सी. रामचंद्रांचं, आवाज लतादीदींचा, दोघंही आपलेच. चीनशी झालेल्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला ते दिल्लीत पहिल्यांदा गायलं गेलं. लय संथ, म्हणजे ॲपच्या हिशेबी उदास. पण हे गाणं लागलं की डोळे ओले होतात आणि पाठ ताठ होते, दोन्ही एकाच वेळी. शून्य ते एकच्या पट्टीवर ही जागा कुठे दाखवणार?

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. मूड विचारून गाणं देणं ही रीतच उलटी आहे. खचलेल्याला आणखी खचवणारं गाणं, चिडलेल्याला चिडकं. पलटणीत बँड कुणाला मूड विचारत नाही. मराठा पलटणीच्या मंदिर परेडला ढोलकी-झांजेवर आरती सुरू झाली की आदल्या रात्री घरून वाईट फोन आलेला जवानही टाळी धरतो. त्याचं दुःख जात नाही, पण पाच मिनिटं तो एकटा राहत नाही. ॲपला हे जमणार नाही. त्याला एका वेळी एकाच माणसाचे कान ठाऊक असतात.

कुणी म्हणेल, साहेब, ही तर सोय आहे, एवढं काय मनावर घेता? सोय घ्या की. पण तुकडीबरोबर पळताना कानात बोंडं घालणारा तरुण अधिकारी दिसला की मला काळजी वाटते. ज्याच्या कानात स्वतःचाच मूड वाजतोय, त्याला मागे पडलेल्या जवानाचा धापा टाकणारा श्वास कसा ऐकू येणार? तुकडीचा मूड ओळखणं ही त्याची नोकरी आहे. ती ॲपला देता येत नाही.

म्हणून तरुण मित्रांना एवढंच सांगणं: एकटे पळताना ॲप खुशाल लावा, जवानांबरोबर पळताना कान मोकळे ठेवा. आणि निवृत्त मंडळींनो, नातवंडं घरी आली की एक गाणं तुम्ही निवडा, आणि तेच का निवडलं हेही त्यांना सांगा. ते 'का' कुठल्याही ॲपकडे नाही.