नियंत्रण अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेत ‘विक्रम’ का नाही?

23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर अलगद उतरले. तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. नियंत्रण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र त्याहूनही बारकाईने अभ्यासावे असे 7 सप्टेंबर 2019 चे अपयश आहे.

चांद्रयान-2 चा ‘विक्रम’ का कोसळला, हे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी 2023 मध्ये सांगितले. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक रेटा दिला आणि त्रुटी साचत गेल्या. त्या भरून काढण्यासाठी यानाला वेगाने वळणे भाग होते. पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. शिवाय उतरण्याची जागा अवघी 500 मीटर बाय 500 मीटर.

साचणारी त्रुटी आणि आड येणारी मर्यादा हाच या विषयाचा गाभा. वर्गात मात्र राऊथची सारणी मांडून घेतली जाते, बोडे आलेख हाताने काढून घेतला जातो आणि प्रणाली रेषीय आहे असे गृहीत धरून गुण दिले जातात.

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर विप्रोचे मुख्यालय आहे. अशा कंपन्यांकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाटतो. विक्रमला अडवणारी मर्यादा सॉफ्टवेअरमध्येच होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

‘प्रयोगशाळेला पैसा नाही’ ही सबब टिकत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एका छोट्या संचात तापणारी पट्टी, पंखा आणि तापमापक एवढेच असते. तो इंटरनेटवरून दूरस्थपणेही चालवता येतो. हीटर पूर्ण क्षमतेने चालू असतानाही नियंत्रक त्रुटीची बेरीज करीतच राहतो. तापमान लक्ष्याला पोहोचते तेव्हा ती बेरीज इतकी फुगलेली असते की तापमान लक्ष्य ओलांडून पुढे जाते. इंटिग्रेटर वाइंडअप म्हणतात तो हाच. फळ्यावर तासभर समजावूनही जे उमगत नाही, ते येथे डोळ्यांना दिसते.

‘याने गणिताचा पाया कच्चा राहील’ हा आक्षेपही उलटा आहे. समीकरण कोठे लागू पडते आणि कोठे थांबते, हे कळणे म्हणजेच गणित कळणे.

म्हणून विद्यापीठांनी परीक्षेत निदान एक प्रश्न बदलावा. खऱ्या हीटरच्या तापमानाची नोंद विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि विचारावे: लक्ष्य का ओलांडले गेले, आणि तुम्ही काय बदलाल?