पाठ केलेली वाट आणि रोज बदलणारे भुयार

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव असो वा धुळे, घराघरांतून एकच आवाज ऐकू येतो, ‘तो मोबाईल ठेव आधी!’ आईबाप वैतागतात, ते खोटे नाही. पण मूल नेमके काय खेळते आहे, हे आपण क्वचितच विचारतो. आपल्या लेखी सगळेच ‘गेम’ सारखे. वस्तुतः त्यांच्यात मोठा फरक आहे.

पहिला प्रकार उड्यांचा. त्याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. नव्वदच्या दशकात टीव्हीला डबा जोडून, कॅसेट घालून ज्यांनी मारिओला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावल्या, त्या पालकांना तो ठाऊक आहेच. निन्तेन्दोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा. त्यातला खड्डा, पाइप, कासव दर वेळी त्याच जागी. पडलात तर दोष तुमचाच. दहा वेळा पडल्यावर अकराव्यांदा उडी बरोबर बसते. आपली ठिक्कर तरी याहून वेगळी कुठे होती? आखलेली घरे, एक पाय आणि सराव.

दुसरा प्रकार भुयाराचा. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. (नाव इंग्रजी, अर्थ बदमाश, आपल्या रोगाशी संबंध नाही!) यात चित्रे नव्हती, पडद्यावर नुसती अक्षरे. गंमत अशी की, दर डावाला संगणक नवे भुयार रचतो. खोल्या, राक्षस, खजिना, सगळे जागा बदलते. पाठांतर कुचकामी. मेलात की डाव संपला, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. पुढे २००८ साली डेरेक यू यांनी ‘स्पेलंकी’त उड्या आणि बदलते भुयार एकत्र आणले.

यातला चांगला कोणता? दोन्ही हवेत. पहिला चिकाटी शिकवतो, दुसरा अंदाज. मात्र चिकाटीचे, पाठांतराचे धडे शाळा आणि गाईडे पुरेसे देतातच. अंदाजाचे धडे कोण देते? खान्देशातल्या माणसाला तर त्यांचीच गरज अधिक. धुळ्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला गेल्या सालची पेरणी यंदा जशीच्या तशी गिरवता येत नाही. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी कपाळी येते. रावेर-यावलची केळीची बाग एका वादळाने आडवी होते. हातात आहे तेवढ्यावर पुढचे पाऊल कसे टाकायचे, हाच खरा प्रश्न असतो.

यावर कुणी म्हणेल, नशीब आले म्हणजे जुगारच की! आखाजीला झोक्यांच्या गाण्यांबरोबर पत्त्यांचे डावही रंगतात, आणि त्यात कुणाकुणाचे खिसे रिकामे होतात, हे आपण पाहतोच. पण सारीपाट आठवा. दान नशिबाचे, तरी कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हाती. भुयाराच्या खेळाचेही तसेच. दान वाईट पडले तरी शहाणा खेळाडू तग धरतो, आणि हरला तर फार तर अर्धा तास जातो.

खरी भीती वेगळीच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, हे बरेच झाले. परंतु काही फुकट म्हणवणाऱ्या खेळांत पैसे मोजून उघडायची बंद पेटी असतेच. आत काय निघेल, ते नशीब. तिथे विचाराला वाव नाही. आहे तो फक्त ‘आणखी एकदा’चा मोह.

म्हणून मोबाईल हिसकावण्याआधी दहा मिनिटे मुलाच्या शेजारी बसा. हरल्यावर तो काय करतो ते पाहा. ‘मी कुठे चुकलो?’ असे स्वतःशी पुटपुटत असेल, तर वेळेची मर्यादा घाला आणि खेळू द्या. ‘पप्पा, पन्नास रुपये द्या ना,’ म्हणाला, तर मात्र तो खेळ तिथेच बंद करा.